मदत हवी आहे: तीन तास कॅमेरा लावला, एकही उल्का नाही!

रात्रपाळी
कालची अख्खी रात्र वाया गेली. एक ते चार कॅमेरा आकाशाकडे तोंड करून उभा होता. डोळ्यांनी मोजून एकतीस उल्का पाहिल्या, एक तर इतकी लखलखीत की क्षणभर माझीच सावली दिसली. फोटोत शून्य. एका फोटोत रेघ आहे, पण ती कसली कळत नाही. सेटिंग सगळं वाचूनच केलं होतं. आज शेवटची रात्र, उद्यापासून कामावर. काय चुकतंय ते जरा पटकन सांगा. कॅमेरा चांगला आहे, "तो बदला" असं कृपया कुणी सांगू नये.

ध्रुवबाळ
"सगळं" म्हणजे नक्की काय ते लिहा की. लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं), किती सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता)? वर्षाव जेमिनिडचाच ना, मिथुनेतल्या उल्कांचा?

रात्रपाळी
हो, डिसेंबरात आणखी कुठला असणार! लेन्स कॅमेऱ्यासोबत आलेली. २० सेकंद, आयएसओ १६००. टायमरवाला रिमोट होता.

अर्धाचंद्र
डिसेंबरात आणखी एक असतो हो. २२ तारखेच्या आसपास ध्रुवमत्स्यातला, अर्सिड. लहान आहे, पण आहे.

जुना_खोड
२० सेकंद फार कमी. मी दोन-दोन मिनिटं शटर उघडं ठेवायचो. जितका वेळ उघडं, तितकी उल्का ठळक. १९९८ च्या नोव्हेंबरात सिंहेतल्या उल्का अशाच रोलवर पकडल्यात, अजून प्रिंट आहेत घरी.

ध्रुवबाळ
खोडकाका, प्रिंटबद्दल आदर, पण कारण चुकतंय. उल्का एखाद्या पिक्सेलवरून डोळा लवायच्या आत निघून जाते. नंतर शटर कितीही वेळ उघडं ठेवा, तिच्यात काडीची भर पडत नाही. आकाश तेवढं पांढरं होत जातं आणि ती त्यात बुडते. खरा फरक अ‍ॅपर्चरने पडतो, आणि धागाकर्त्यांनी तेवढंच लिहिलेलं नाही.

जुना_खोड
मग माझ्या फोटोत आल्या त्या काय काजवे होते?

ध्रुवबाळ
१९९८ ला अग्निगोलांचा, म्हणजे फार तेजस्वी उल्कांचा, पाऊस होता काका. ते कशातही उमटले असते.

खरखर
फोटोचा नाद सोडा, रेडिओ लावा. उल्का जळते तेव्हा मागे आयनीभूत हवेचा पट्टा राहतो. एरवी पोचत नाही अशा दूरच्या केंद्राची लहर त्यावरून परावर्तित होते आणि क्षणभर ऐकू येते. ढग असोत, दिवस असो, फरक पडत नाही. मी दुपारी जेवताना उल्का मोजतो.

नाममात्र
एक सांगून ठेवतो, आकाशगंगेचा गाभा डिसेंबरात मिळत नाही, तो सूर्याच्या बाजूला असतो. मार्च-एप्रिलच्या पहाटेपर्यंत थांबा.

रात्रपाळी
आकाशगंगेचं कोण विचारतंय?? अ‍ॅपर्चर ८ होतं. लँडस्केपला आठच ठेवतात ना. १८ मिमीवर.

ध्रुवबाळ
सापडलं! तुमची लेन्स १८ वर ३.५ पर्यंत उघडते (आकडा लहान, तितकं छिद्र मोठं). ८ वर ठेवून पाचपट प्रकाश बाहेरच ठेवलात. ३.५ करा, आयएसओ ३२००. जेमिनिड त्यातल्या त्यात सोप्या आहेत. सेकंदाला ३५ किलोमीटरने येतात, ऑगस्टातल्या ययाती तारकासमूहाच्या उल्का ५९ ने. सावकाश जाणारी प्रत्येक पिक्सेलवर जरा जास्त रेंगाळते.

चौकस_चिमणी
अ‍ॅपर्चर चुकलंच, पण सावली पाडणारी उल्का ८ वरही दिसायला हवी होती. ती कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूला होती का? आणि एकूण फोटो किती आले?

रात्रपाळी
अगदी समोर. म्हणून तर एवढा वैताग. फोटो २४४.

चौकस_चिमणी
तीन तास म्हणजे १०,८०० सेकंद. रिमोट किती सेकंदांनी क्लिक करत होता?

रात्रपाळी
२२.

चौकस_चिमणी
मग ४९० यायला हवे होते. आलेत जवळपास निम्मे. लागोपाठच्या दोन फोटोंच्या वेळा बघून सांगा.

रात्रपाळी
४४ सेकंदांचं अंतर आहे. सगळीकडे. बॅटरी गंडली का?

चौकस_चिमणी
बॅटरी बिचारी निर्दोष आहे. मेनूत "लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन" चालू असणार. प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो काढतो आणि त्यातला दाणेदारपणा मूळ फोटोतून वजा करतो. त्या २० सेकंदांत त्याला रिमोट ऐकू येत नाही. म्हणजे अर्धी रात्र तुमचा कॅमेरा डोळे मिटून बसला होता.

रात्रपाळी
अरे देवा. तो मीच चालू केला. फोटो स्वच्छ येतात असं वाचलं होतं.

जुना_खोड
रोलला ही भानगड नव्हती.

अर्धाचंद्र
अवांतर: उल्केचा पहिला फोटो तर काचेच्या प्लेटवर होता. २७ नोव्हेंबर १८८५, प्राग, खगोलशास्त्रज्ञ वाइनेक. देवयानीतल्या उल्कांचं वादळ होतं त्या रात्री.

खरखर
प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (पुन्हा रेडिओच लिहिला होता.)

ध्रुवबाळ
आता ती रेघ. आधीच्या किंवा पुढच्या फोटोत त्याच ओळीत सरकलेली दिसते का? दिसत असेल तर उपग्रह नाहीतर विमान. उल्का एकाच फोटोत असते, टोकाला निमुळती, सुरुवातीला बऱ्याचदा हिरवट. आणि फोकस कसा केलात?

रात्रपाळी
आधीच्याही फोटोत आहे, खालच्या बाजूला. म्हणजे तीही गेली. फोकसची रिंग टोकापर्यंत फिरवली, अनंत.

ध्रुवबाळ
टोक म्हणजे अनंत नव्हे, बहुतेक लेन्स त्याच्या जरा पुढे जातात. मॅन्युअलवर ठेवा, स्क्रीनवर ठळक तारा मोठा करून तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग फिरवा, मग चिकटपट्टी लावून टाका. आणि थेट पुनर्वसूवर रोखू नका. उगमबिंदू (उल्का जिथून येताना भासतात ती जागा) तिथेच आहे, त्याच्याजवळच्या रेघा आखूड येतात. चाळीस-पन्नास अंश बाजूला धरा. रात्री दोनच्या सुमारास उगमबिंदू सर्वांत वर असतो.

रात्रपाळी
निघालो. आभार नंतर.

नाममात्र
दुर्बीण घेणार असाल तर आठ इंची डॉबसोनियन घ्या.

रात्रपाळी (दुसऱ्या दिवशी)
अकरा ते चार, ८०९ फोटो. तीन उल्का!! एक ठळक, हिरवट सुरुवातीची, दुसरी निम्मी फ्रेमबाहेर, तिसरी मोठी करून पाहिल्यावरच दिसते. चिमणीताई, ध्रुवबाळ, मनापासून आभार. पण तीननंतरचे सगळे फोटो धुरकट. लेन्सला हात लावला तर ओली.

चौकस_चिमणी
दव! काल सांगायचं राहिलंच. हात गरम ठेवायच्या पुड्या मिळतात, त्यातली एक कापडाने लेन्सभोवती बांधायची. फडक्याने पुसत बसलात तर फोकस हलतो.

रात्रपाळी
तीनदा पुसली.

जुना_खोड
दोन मिनिटं ठेवली असतीत तर सहा आल्या असत्या.