फायबर होडीचा डेक दबतोय, वरून मॅट मारून भागेल का?

खारवारा:
२८ फुटी फायबर होडी. डेकमध्ये फायबरच्या दोन थरांच्या मधे १२ मिमी प्लाय आहे. क्लीटभोवती (दोर बांधायची खुंटी) साधारण ३ बाय २ फूट भाग पाय दिला की दबतो, बोल्टाशेजारून तांबूस पाणी येतं. वरचं फायबर कुठे फुटलेलं नाही. वरून दोन थर मॅट (काचतंतूंची चटई) मारून भागेल का? आणि काम मासेमारी बंदीत, जून-जुलैत काढलं तर चालेल?

जुनानांगर:
नाही भागणार. तांबूस पाणी म्हणजे प्लाय कुजलाय. वरून मॅट मारली की पाणी आतच कोंडतं आणि कूज पुढे सरकत राहते, वर वजन वाढतं ते वेगळंच.

आधी हद्द शोधा. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा, चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. शंका असेल तिथे ५ मिमी ड्रिल प्लायपर्यंतच मारा. भुसा कोरडा, फिकट आला की थांबायचं. डाग दिसतो त्यापेक्षा जागा मोठीच निघते.

मग ग्राइंडरला डायमंड चकती लावून फक्त वरचा ३-४ मिमी थर कापा. खालचा थर कापला गेला तर काम दुप्पट. सडका प्लाय छिन्नीने काढा, खालून टेकू द्या, नाहीतर डेक खोलगट बसेल. पूर्ण वाळल्यावर ४० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा. कडेच्या जुन्या थराला चारी बाजूंनी २ इंच उतार द्या (थराच्या जाडीच्या १२ पट). हा उतार टाळला की जोडावरच चीर जाते.

नवा प्लाय आयएस ७१० (मरीन प्लाय), कडांसकट पॉलिएस्टर रेझिन पाजलेला. खाली ४५० ची (ग्रॅम प्रति चौरस मीटर) एक रेझिनने ओली केलेली मॅट, त्यावर रेझिनची पुट्टी, प्लायला हवा निघायला ६ मिमीची भोकं, वर वजन. वरून मॅट, रोव्हिंग (विणलेलं काचकापड), मॅट, मॅट. एवढ्या जागेला मॅट सव्वा किलो, ६०० चं रोव्हिंग अर्धा किलो, रेझिन सुमारे ५ किलो.

उन्हात हार्डनर (रेझिन घट्ट करणारा द्रव) १ टक्क्याच्या वर नको, आणि एका वेळी अर्धा किलोच कालवा. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा द्रव) आधी रेझिनमध्ये ढवळून घ्या, मगच हार्डनर. दोन्ही थेट एकत्र कधीच करू नका, भडका उडतो. रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेला असेल तर पुन्हा नको, दुकानदाराला विचारून घ्या.

कोळथर:
बंदीबद्दल: पावसाळी हवेत मॅट ओल धरते, थर पांढुरका पडतो आणि धरत नाही. वरचा थर मे महिन्यातच उघडा, प्लाय काढा, उन्हात वाळू द्या. जून उजाडलाच तर पक्क्या शेडखाली, मॅट प्लास्टिकमध्ये बांधून, पाऊस उघडलेल्या दिवशी दुपारी.

डिंगी:
प्लायला पॉलिएस्टर रेझिनपेक्षा इपॉक्सी रेझिन जास्त घट्ट धरतो. खर्च परवडत असेल तर तोच वापरा. पण मग नेहमीची मॅट नको, तिचा बाइंडर (तंतू धरून ठेवणारा डिंक) पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही, त्यामुळे ती कडक राहते. बायअॅक्सियल कापड (दोन दिशांना धागे असलेलं काचकापड) घ्या. इपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोटही (वरचा रंगीत थर) धरत नाही, पीयू (पॉलियुरेथेन) रंगच द्या.

खारवारा:
क्लीट परत तिथेच बसवायचं आहे. बोल्टाची भोकं कशी करू?

जुनानांगर:
पाणी शिरलं ते तिथूनच. १० मिमी बोल्टासाठी प्लायमध्ये १८ मिमी भोक पाडा, खालून टेप लावून इपॉक्सी पुट्टीने भरा, दुसऱ्या दिवशी मधोमध १० चं ड्रिल. आता बोल्टाभोवती प्लाय उघडा राहत नाही. खाली १० मिमी फायबरची पट्टी, वर पीयू सीलंट. पहिल्यांदा हलकं आवळा, सीलंट सुकल्यावर खालून नट पूर्ण आवळा, बोल्ट फिरवू नका, नाहीतर सील तुटतं.