१९६६ चा अली विरुद्ध १९८८ चा टायसन, आणि अजून दोन न झालेल्या लढती

कोपऱ्यातून

आमच्या ग्रुपवर हा वाद काही केल्या मिटत नाहीये म्हणून इथे टाकतोय. विषय जुनाच, बॉक्सिंगमधले वेगवेगळ्या काळातले हेवीवेट (सगळ्यात वरच्या वजनगटातले) समोरासमोर आणले तर कोण जिंकेल. एक जण म्हणतो सरळ हिशोब आहे, आजची पोरं साडेसहा फुटांची आणि ११५-१२० किलोची, त्यांच्यापुढे मार्सियानो म्हणजे ८५ किलोचा माणूस, दोन राउंडमध्ये खेळ खल्लास. दुसरा म्हणतो जुने लोक १५ राउंडची तयारी करून यायचे, आजचे सहाव्यालाच तोंड उघडून श्वास घेतात. मला दोघांचंही अर्धंच पटतं.

तर तीन लढती देतो. १९६६ चा अली विरुद्ध १९८८ चा माइक टायसन. रॉकी मार्सियानो विरुद्ध टायसन फ्युरी. आणि जो लुईस विरुद्ध उसिक. निकाल सांगा पण कारणासकट, "अली तो अली" असलं उत्तर नको. आणि नियम कुठल्या काळाचे धरताय तेही लिहा.

पीकाबू८८

पहिल्या लढतीचं मी सांगतो, टायसन, सहा राउंडच्या आत. लोक टायसन म्हटलं की टोकियो १९९० आणि डग्लसकडून झालेला पराभव काढतात, पण तो १९८८ चा टायसन नव्हताच, तोवर ट्रेनर केविन रूनीला काढून टाकलं होतं, डोकं हलवणं बंद झालं होतं, आणि त्या रात्री कॉर्नरमध्ये सूज दाबायचं एन्डस्वेल सुद्धा नव्हतं, रबरी ग्लव्हमध्ये गार पाणी भरून डोळ्यावर धरत होते. असल्या रात्रीवरून माणसाचं माप काढायचं का?

स्पिंक्सची लढत बघा, जून १९८८, ९१ सेकंद. स्पिंक्स तोपर्यंत एकदाही हरला नव्हता, होम्सला दोनदा हरवलेलं, आणि रिंगमध्ये येतानाच त्याचा चेहरा उतरला होता.

आता अलीचं बघा. हात कंबरेला, ठोसा आला की डोकं सरळ मागे ओढायचं, आणि बॉडीला जवळपास मारायचंच नाही. या सवयीवर डावा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) हेच औषध आहे. १९६३ ला हेन्री कूपरने त्याच हूकने खाली बसवला, १९७१ ला फ्रेझरने १५ व्या राउंडमध्ये. टायसनचा डावा हूक त्या दोघांपेक्षा कमी होता असं कोण म्हणेल? आणि टायसन नुसता हूक मारत नाही, आधी उजवा बरगडीत, मग त्याच हाताने अपरकट (खालून वर हनुवटीवर), मग डावा. अलीने असलं कॉम्बिनेशन त्या वेगात कधी बघितलंच नव्हतं.

जॅबवाला

पीकाबू, रूनी असतानाचा टायसन घ्यायचा म्हणतोस ना, घे. मग रूनी कॉर्नरमध्ये असतानाच टायसनपुढे शेवटपर्यंत उभे कोण राहिले तेही बघ. १९८६ ला टिलिस आणि मिच ग्रीन, १९८७ ला बोनक्रशर स्मिथ आणि टोनी टकर. यातला कोणी अलीच्या जवळपास तरी होता का? टिलिस सरकत राहिला, स्मिथने बारा राउंड नुसती मिठी मारली, आणि टकरने पहिल्याच राउंडला अपरकटने टायसनला हलवला. म्हणजे सरकणारे पाय, उंची आणि बांधून ठेवणं या तीन गोष्टी टायसनला त्याच्या चांगल्या दिवसांतही नडायच्या आणि अलीपाशी तिन्ही होत्या, एका माणसात.

रीचमध्ये (हातांच्या पल्ल्यात) सात इंचांचा फरक आहे, ७८ ला ७१. टायसनला आत यायला दर वेळी जॅबच्या (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या) खालून यावं लागणार, आणि तो आत आला की काय होणार ते फ्रेझरसोबतच्या दुसऱ्या लढतीत नीट बघा, जानेवारी १९७४. अली डावा हात मानेमागे टाकतो आणि खाली दाबतो. बुटक्या माणसाचं डोकं छातीखाली जातं, कंबर मागे जाते, पायातून येणारा जोर तुटतो. हूक मारला तरी तो नुसता दंडातून येतो. आक्षेप घ्यायचाच तर रेफरीवर घ्या, कारण हे नियमात बसत नाही आणि त्या रात्री रेफरीने चालवून घेतलं. कडक रेफरी असेल तर मी माझं मत थोडं सैल करीन.

आणि कूपर, फ्रेझरचं म्हणशील तर दोन्ही वेळा अली उठला. कूपरच्या वेळी राउंड संपल्याची घंटा मदतीला आली हे मान्य, पण पुढच्याच राउंडला कूपरच्या डोळ्यावर इतकं फाटलं की लढत थांबवावी लागली. अली, पॉइंटवर किंवा दहाव्याच्या पुढे थांबवून.

पीकाबू८८

मानेचा प्रकार १९७४ च्या अलीचा आहे, १९६६ चा अली इतकं पकडत नव्हता कारण त्याला गरजच पडत नव्हती. आणि गरज का पडत नव्हती? कारण समोर कोण होते. पॅटरसनची पाठ दुखत होती, क्लीव्हलंड विल्यम्स पोलिसाची गोळी खाऊन परत आलेला माणूस. त्या काळात खरा दबाव टाकणारा एकच, शुवालो, टोरांटोला, मार्च १९६६, आणि तो पंधराच्या पंधरा राउंड उभा राहिला, वर अलीच्या बरगड्या शेकून काढल्या. शुवालोकडे टायसनचा निम्मा वेग पण नव्हता.

जॅबवाला

शुवालो पंधरा राउंड उभा राहिला हे खरं, पण जिंकला किती?

पंधरावा_राउंड

तुमचं चालू द्या, पण न झालेली लढत कॉम्प्युटरकडून ठरवून घ्यायचा प्रयत्न आधीच झालाय आणि तो किस्सा माहीत असल्याशिवाय मार्सियानोबद्दल बोलू नये असं माझं मत. मरे वोरोनर नावाच्या रेडिओवाल्याने १९६७ ला सगळ्या काळच्या हेवीवेटची टूर्नामेंट कॉम्प्युटरवर लावली आणि त्यात अली हरला, तोही जेफ्रीजकडून. अलीने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. शेवटी तडजोड काय झाली तर अली आणि मार्सियानोने खरोखर रिंगमध्ये उतरून लुटुपुटुची लढत शूट करायची.

१९६९ ला मायामीत स्टुडिओत शूटिंग झालं. अलीवर तेव्हा बंदी, मार्सियानोची शेवटची लढत १९५५ ची आणि वय पंचेचाळीस. त्याने त्यासाठी वीसेक किलो वजन उतरवलं आणि टक्कल दिसू नये म्हणून टोप घालून लढला, अलीच्या जॅबने तो टोप एकदा उडाला पण म्हणे. एक-एक मिनिटाचे सत्तरच्या वर राउंड शूट केले, शेवटही वेगवेगळे करून ठेवले, म्हणजे कॉम्प्युटर जे बोलेल ते जोडता यावं. जानेवारी १९७० ला थिएटरात दाखवलं तेव्हा अमेरिकेत मार्सियानो तेराव्या राउंडला नॉकआउटने जिंकला, आणि युरोपात दाखवलेल्या प्रतीत जखमांमुळे लढत थांबून अली जिंकला! मार्सियानोला तर निकाल कळलाच नाही, तो ऑगस्ट १९६९ मध्येच विमान अपघातात गेला.

दहा_मोजा

एका कॉम्प्युटरचे दोन निकाल, जिथे तिकीट विकायचं तिथला हिरो जिंकणार 😄 बरं मार्सियानो-फ्युरीचं कोणी बोलणार आहे का

न्यूट्रल_कॉर्नर

मी बोलतो. आकार म्हणजे ठोशाचा जोर असं धरून सगळे चालतात, तिथेच गल्लत आहे. जोराच्या बाबतीत लहान माणूस मोठ्याला पाडू शकतो, जो लुईसने ११८ किलोच्या कार्नेराला सहाव्या राउंडला संपवलं, बडी बेअर ११३ किलोचा होता तो पहिल्याच राउंडला गेला. डेम्प्सीने १९१९ ला ८५ किलो वजनावर साडेसहा फुटी विलार्डला पहिल्या राउंडमध्ये सात वेळा पाडलं. फक्त त्या लढतीत पाडल्यावर लांब कोपऱ्यात जायचा नियम नव्हता हे विसरू नका, विलार्ड गुडघ्यावरून उठतोय आणि डेम्प्सी हातभर अंतरावर हात उगारून उभा, उठला की पुन्हा ठेवून दिली. आजचा रेफरी असता तर विलार्डला दर वेळी दम घ्यायला वेळ मिळाला असता, आणि दुसऱ्या बाजूने बघितलं तर आजच्या रेफरीने तिसऱ्या-चौथ्या नॉकडाउनलाच लढत थांबवली असती.

आकाराचा खरा त्रास जवळ आल्यावर होतो. यासाठी फ्युरी-कनिंगहॅम बघा, एप्रिल २०१३, न्यूयॉर्क. कनिंगहॅम मुळात क्रूझरवेट (हेवीवेटच्या खालचा गट), त्या दिवशी ९५ किलो, फ्युरी ११५. दुसऱ्या राउंडला कनिंगहॅमने वरून उजवा हात असा टाकला की फ्युरी सपाट पाठीवर. सगळ्यांना वाटलं संपलं. फ्युरी उठला, आणि मग त्याने जे केलं ते बघायला आवडत नाही पण शिकण्यासारखं आहे. लांबून खेळायचं सोडून दिलं, प्रत्येक क्लिंचमध्ये (मिठीत) सगळा भार त्याच्या मानेवर आणि खांद्यावर टाकला, दोरांवर रेटलं. वीस किलो जास्तीचं वजन अंगावर घेऊन राउंडमागून राउंड उभं राहायचं म्हणजे पोतं उचलून जिना चढण्यासारखं आहे, ठोसा न खाताही पाय जातात. सातव्या राउंडला कनिंगहॅमचे पाय गेले, फ्युरीने कोपराने त्याचा चेहरा जागेवर धरला आणि उजव्याने झोपवला.

आता मार्सियानो घाला तिथे. कनिंगहॅमपेक्षा दहा किलो हलका, ५ फूट १० इंच, रीच ६८ इंचांच्या आत, फ्युरीची ८५. त्याच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. एक, त्याचा दम, वॉलकॉटविरुद्ध १९५२ ला बारा राउंड मागे असून तेराव्याला एका उजव्याने लढत संपवली. दोन, तो डोकं मिळालं नाही तर दंडावर, खांद्यावर मिळेल तिथे मारायचा, आणि फ्युरीचे हात असे मार खाऊन खाली आले तर कनिंगहॅमवाला ठोसा मार्सियानोला सापडू शकतो. पण त्याचं नाक, भुवया पटकन फाटायच्या, चार्ल्ससोबत १९५४ च्या दुसऱ्या लढतीत नाक उभं चिरलं होतं. आजचा रिंगसाइड डॉक्टर ते बघून लढत चालू ठेवेल? मला नाही वाटत. १२ राउंड, आजचे नियम, फ्युरी आठव्या-नवव्याला थांबवून. १५ राउंड आणि १९५२ चा रेफरी असेल तरी फ्युरीच, फक्त तेव्हा मी पैसे लावणार नाही.

पंधरावा_राउंड

४९ पैकी ४९ जिंकलेल्या माणसाला आठव्यात थांबवलंस, धाडस आहे बाबा. पण कनिंगहॅमचं उदाहरण बिनतोड आहे, त्याला उत्तर नाही माझ्याकडे.

कोपऱ्यातून

मस्त चाललंय. अली-टायसनचं घोडं अडलेलंच राहणार असं दिसतंय, पण लुईस-उसिक अजून कोणी हात लावला नाही. मला तर ती तिघांत सगळ्यात जवळची लढत वाटते कारण आकार जवळपास सारखा, लुईस ९० किलो, उसिक १०१-१०२.

जॅबवाला

दहा-अकरा किलो म्हणजे सारखं नाही हो, पण फ्युरी इतकं अंतर नाही हे खरं.

लुईसचा विचार केला की मला दोनच लढती दिसतात. १९३६ ला श्मेलिंग, त्याने आधीच हेरलं होतं की लुईस जॅब मारून हात परत आणताना खाली आणतो, आणि त्या फटीतून उजवा मारत मारत बाराव्याला संपवलं. आणि १९४१ ला बिली कॉन, जेमतेम लाइट हेवीवेट, सरकत सरकत बारा राउंडनंतर दोन स्कोअरकार्डांवर पुढे होता, तेराव्याला मारामारी करायची हौस आली आणि गेला. उसिक सरकणारा पण आहे आणि असली हौस त्याला येत नाही. वर डावखुरा. लुईसच्या काळात वरच्या फळीत डावखुरे कुठे होते, हेवीवेटचा पहिला डावखुरा चॅम्पियन मूरर, तोही १९९४ ला. लुईसचा डावा खाली आला की उसिकचा पुढचा हात, म्हणजे उजवा हूक, बरोब्बर तिथेच येतो.

लुईसची आशा एकच, बॉडी. त्याचे ठोसे सहा इंचांतून निघायचे, मागे खेचून मारायची गरज नसायची, आणि उसिकला पोटात मारलेलं आवडत नाही. तरी उसिक, पॉइंटवर. पण रीमॅच ठेवला तर लुईस! श्मेलिंगला दोन वर्षांनी १२४ सेकंदांत संपवलं, कॉनला १९४६ ला आठव्यात, वॉलकॉटला १९४८ ला अकराव्यात. एकदा अभ्यास झाला की हा माणूस दुसऱ्यांदा सोडायचा नाही.

न्यूट्रल_कॉर्नर

रीमॅचमध्ये उसिक काय झोपा काढतो का? जोशुआ, फ्युरी, ड्युबॉ, तिघांनाही दोन-दोनदा हरवलंय, आणि ड्युबॉला तर दुसऱ्यांदा पाचव्याच राउंडला. फ्युरीसोबत दुसऱ्यांदा पंचवीस किलोचा फरक होता तरी तिन्ही जजांनी उसिकलाच दिलं. दुसरी पण उसिक, आणि १५ राउंड ठेवा हवं तर.