समाज सोडून एकटे राहणे म्हणजे पळपुटेपणा आहे का? (कोल्हापूर परिसरातील तिघांचा संवाद; प्रत्येकाच्या नावाऐवजी त्याचे ठिकाण दिले आहे.)

राजारामपुरी: आमच्या गल्लीतील एक निवृत्त गुरुजी गगनबावडा तालुक्यात रानाच्या कडेला एकटेच राहू लागले आहेत. जांभ्या दगडाच्या दोन खोल्या, झड आत येऊ नये म्हणून पश्चिमेच्या भिंतीला बांधलेला गवताचा आडोसा, पत्र्याच्या डब्यात तांदूळ आणि नाचणीचे पीठ, एवढाच त्यांचा संसार. फोनही ठेवलेला नाही. पत्नी हयात नाहीत, मुले मार्गी लागली आहेत, कोणाचे एका पैशाचे देणे नाही, तरीही जो तो त्यांना पळपुटे म्हणतो. ज्या मुलखाने गगनगडावरील गगनगिरी महाराजांच्या एकांतसाधनेला हात जोडले, त्याच मुलखाने भगवी वस्त्रे न घातलेल्या माणसाच्या एकांताला नावे ठेवावीत, हा मला अन्याय वाटतो.

प्रयाग चिखली: आपले म्हणणे मला पटत नाही. अमेरिकेतील मेन राज्यात क्रिस्टोफर नाइट हा तरुण १९८६ मध्ये जंगलात शिरला आणि २०१३ मध्ये पकडला जाईपर्यंत, म्हणजे सुमारे २७ वर्षे, तंबूत एकटा राहिला. परंतु त्याचे अन्न आणि गॅसच्या टाक्यासुद्धा तळ्याकाठच्या घरांतून रात्री चोरलेल्या होत्या, आणि तेथील लोक वर्षानुवर्षे धास्तावून राहत होते. गुरुजी चोरी करणार नाहीत, हे मान्य. पण त्यांचा भार कोणावरच पडणार नाही, हे मान्य नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या गावातून माणसे बोटींनी बाहेर काढावी लागली, आणि घर सोडण्यास तयार नसलेल्या एकेकाची मनधरणी करताना बोटीवरच्या पोरांचा किती वेळ गेला, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. भर पावसात गुरुजींना ताप भरला आणि गगनबावड्याचा रस्ता पाण्याखाली गेला, तर निरोप कोण आणणार?

गडहिंग्लज: एकटा माणूस समाजाला भारच होतो असे नाही. इटलीतील बुदेल्ली बेटावर मौरो मोरांदी १९८९ पासून २०२१ पर्यंत राहिले आणि तेथील गुलाबी वाळूचा किनारा त्यांनी राखला.

प्रयाग चिखली: मोरांदींना बोटीने शिधा पोचत होता. उलट सैबेरियाच्या अरण्यात १९३६ साली गेलेल्या लिकोव्ह कुटुंबाचा जगाशी संबंधच उरला नव्हता. १९६१ मध्ये जूनमधल्या बर्फाने त्यांचे पीक गेले, आणि मुलांच्या तोंडी घास घालून आईने उपासमारीने प्राण सोडला. म्हणून माझी एकच अट आहे: पावसाळ्यात तरी गुरुजींनी जवळच्या वाडीवर रोज कोणाला तरी तोंड दाखवावे.

राजारामपुरी: आपली काळजी खरी आहे, आणि ही विनंती मी गुरुजींपर्यंत अवश्य पोचवीन, परंतु ती अट म्हणून घालायची असेल, तर आमच्याच अपार्टमेंटमध्ये मुले पुण्याला किंवा परदेशी गेल्यावर बंद दाराआड एकट्या राहणाऱ्या वृद्धांनाही ती लावावी लागेल. त्यांच्यापैकी कोणी चार दिवस दिसले नाही, तर आपण दार ठोठावतो का?