थायलंडचा निवृत्ती व्हिसा : निवृत्तिवेतन, सामाईक शेती आणि ठेवी यांतून आठ लाख बाटची अट कशी पूर्ण करावी?

कोरेगावकर, सातारा

नमस्कार. मी अनुदानित माध्यमिक शाळेतून पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालो असून माझे वय ६३ आणि पत्नीचे ६० आहे. मला दरमहा सुमारे ४६,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते. गोडोलीत राहते घर आहे, कोरेगाव तालुक्यात भावाबरोबर सामाईक साडेतीन एकर बागायत आहे आणि निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून सुमारे २८ लाख रुपये ठेवींत आहेत. त्यांपैकी १२ लाख एका पतसंस्थेत आणि १६ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत आम्हा दोघांच्या संयुक्त नावावर आहेत.

मुलगा सिंगापुरात नोकरी करतो. तेथे आई-वडिलांना दीर्घ मुदतीचा पास मिळण्यासाठी मुलाचा पगार महिना किमान १२,००० सिंगापूर डॉलर असावा लागतो आणि त्याचा तेवढा नाही. मलेशियाच्या योजनेत (विशेष आर्थिक क्षेत्राची श्रेणी सोडल्यास) सर्वांत खालच्या श्रेणीलाही दीड लाख अमेरिकी डॉलरची ठेव आणि शिवाय घर घेण्याची सक्ती आहे. म्हणजे सव्वा कोटी रुपयांच्या वरचा मामला, तो आमच्या आवाक्यातला नाही. म्हणून मुलाच्या जवळपास राहता येईल असा देश म्हणून थायलंडचा विचार करत आहोत. पन्नाशीवरील व्यक्तीसाठी तेथे आठ लाख बाटची ठेव किंवा महिना ६५,००० बाटचे उत्पन्न अशी अट असल्याचे वाचले. या अटीत निवृत्तिवेतन आणि उसाचे उत्पन्न धरले जाते का, पत्नीसाठी वेगळे आठ लाख दाखवावे लागतात का, आणि येथून पैसे पाठवताना वीस टक्के कापले जातात असे बँकेत सांगितले, ते खरे आहे का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चियांगमाईत_वाईकर

सर, नमस्कार. मी मूळचा वाईचा असून गेली काही वर्षे सपत्नीक येथे याच व्हिसावर राहतो, त्यामुळे व्हिसाच्या बाजूचे सांगतो. कर आणि बँकेचे इतरांनी सांगावे.

उत्पन्नाचा मार्ग आपण मनातून काढून टाकावा. बाट साधारण पावणेतीन रुपयांचा धरला तर ६५,००० बाट म्हणजे महिना सुमारे १ लाख ७९ हजार रुपये होतात. ठेव आणि वर्षाचे उत्पन्न मिळून आठ लाख बाट दाखवण्याचा तिसरा मार्ग नियमात आहे. आपले वर्षाचे निवृत्तिवेतन सुमारे दोन लाख बाट भरते, म्हणजे कागदावर सहा लाखांची ठेव पुरेल असे वाटते; परंतु त्या उत्पन्नाचा स्वतंत्र आणि नियमित पुरावा द्यावा लागतो, आणि नव्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे. उसाच्या बिलाचा तर प्रश्नच येत नाही. पहिली उचल, मग दुसरा हप्ता, मग दिवाळीचे पैसे असे येणारे आणि तेही सामाईक खात्यावरचे उत्पन्न येथल्या अधिकाऱ्याला समजावून सांगता येत नाही. घर, जमीन, सोने यांतले काहीही येथे मोजले जात नाही. आपल्याकडे सधन समजला जाणारा माणूस या तपासणीत रिकाम्या हाताचा ठरू शकतो आणि साधी ठेव असलेला सहज पार होतो.

ठेवीचा नियम असा. आठ लाख बाट थाई बँकेत, फक्त अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर, व्हिसाच्या वर्षाच्या मुदतवाढीच्या अर्जाआधी दोन महिने असावे लागतात. मंजुरीनंतर तीन महिने रक्कम तशीच ठेवायची आणि उरलेल्या काळात ती चार लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. २०१९ पासून हे असे आहे. म्हणजे वर्षातले पाच महिने पूर्ण रक्कम अडकलेली आणि बाकीच्या सात महिन्यांतही निम्मी अडकलेलीच. ही ठेव आहे, खर्चाची रक्कम नव्हे, हे लोक विसरतात. आपल्या २८ लाखांतून २२ लाख इकडे आले की हाताशी सहा लाख उरतात, आणि ४६,००० रुपयांचे येथे सुमारे १६,७०० बाट होतात. दोघांना काटकसरीने राहता येईल, पण दवाखान्याचा मोठा खर्च आला तर ओढाताण होईल. मुलगा मागे उभा राहणार असेल तरच हे पाऊल उचलावे, असे मी स्पष्टच सांगतो.

पत्नीसाठी वेगळे आठ लाख लागत नाहीत. त्या आपल्यावर अवलंबून असलेल्या म्हणून मुदतवाढ घेऊ शकतात. मात्र त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला लागतो आणि खरी अडचण तेथेच येते. आपल्या पिढीत लग्नपत्रिका आणि फोटो यापलीकडे लग्नाचा पुरावा नसतो. नोंद झालेली नसेल तर १९९८ च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली उशिराने नोंदणी करता येते. ती आधी करून घ्या, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन घ्या. दाखल्यावरचे पत्नीचे नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. माहेरचे नाव, सासरचे नाव आणि मधले नाव यांची उलटापालट झाली की येथे कोणी ऐकून घेत नाही.

आपल्याला घेता येतील असे व्हिसाचे दोन प्रकार आहेत. ‘ओ-ए’ प्रकारात पहिल्या वेळी आठ लाख बाटइतकी रक्कम भारतातल्या बँकेत दाखवली तरी चालते, पण पोलिसांचा चारित्र्य दाखला, वैद्यकीय दाखला आणि तीस लाख बाटचा आरोग्यविमा सक्तीचा असतो. साध्या ‘ओ’ प्रकारात आधी नव्वद दिवसांचा व्हिसा मिळतो आणि येथे आल्यावर वर्षाची मुदतवाढ घ्यायची असते; त्यात विम्याची सक्ती नाही. ‘ओ-एक्स’ हा दहा वर्षांचा प्रकार ठरावीक देशांच्या नागरिकांपुरता असून त्या यादीत भारत नाही.

निवृत्त_बँकर_विश्रामबाग

वाईकरांनी व्हिसाचे नेमके सांगितले आहे. मी सांगलीत बँकेच्या परकीय चलन विभागात काम करून निवृत्त झालो, त्या अनुभवावरून पैशाच्या बाजूचे लिहितो.

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, आणि परदेशातील बँकेत स्वतःचे खाते उघडणे हे त्यातले मान्य कारण आहे. तेव्हा आपल्या बावीस लाखांना मर्यादेची अडचण नाही. मात्र पतसंस्थेतून हे पैसे बाहेर जाऊ शकत नाहीत आणि पतसंस्थेची ठेवपावती व्हिसाच्या कामी पुरावा म्हणूनही उपयोगी पडत नाही. ते १२ लाख मुदत संपेल तसे बँकेत आणावेत आणि किमान सहा महिने खात्यावर मुरू द्यावेत. अर्जाच्या तोंडावर एकदम मोठी रक्कम जमा झालेली दिसली की ती उसनी आणली असा संशय घेतला जातो. संयुक्त ठेवीचेही तेच आहे. ती मोडून आपल्या एकट्याच्या बचत खात्यात वर्ग करा, म्हणजे पाठवणारा, खातेदार आणि पॅन सगळीकडे एकच नाव राहील.

वीस टक्क्यांबद्दल बँकेत सांगितले ते अर्धे खरे आहे. ही कपात संपूर्ण रकमेवर नसून एका आर्थिक वर्षातील पहिल्या दहा लाखांच्या पुढच्या रकमेवर असते. १ एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा सात लाख होती. बावीस लाख एकदम पाठवले तर बारा लाखांवर २ लाख ४० हजार वेगळे भरावे लागतील. तो जादा कर नव्हे. २६एएसमध्ये (प्राप्तिकर खात्याच्या करकपातीच्या पत्रकात) त्याची नोंद येते आणि विवरणपत्रात तो देय करातून वळता होतो किंवा परत मिळतो. परंतु निवृत्त माणसाचे अडीच लाख वर्षभर अडकणे ही लहान गोष्ट नाही. म्हणून रक्कम दोन आर्थिक वर्षांत विभागावी. दहा लाख मार्चअखेर आणि बारा लाख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाठवले तर कपात फक्त दोन लाखांवर, म्हणजे ४०,००० रुपये होते.

यातली गोम अशी की थाई खाते आधी उघडलेले हवे आणि पर्यटक म्हणून गेलेल्या माणसाचे खाते तेथील बँका सहसा उघडत नाहीत. तेव्हा ‘ओ’ व्हिसावर मार्चच्या मध्यास जाऊन खाते उघडावे. १५ मार्चला पोहोचलात तर नव्वद दिवस १२ जूनला संपतात; ५ एप्रिलपर्यंत पूर्ण रक्कम जमा झाली तर दोन महिने ५ जूनला भरतात, म्हणजे अर्जाला आठवडा मिळतो. हे गणित जमते, पण एखादा हस्तांतरणाचा निरोप चार दिवस अडकला तर अंगाशी येईल, म्हणून ए-२ अर्ज (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) आणि पॅनची पूर्तता निघण्यापूर्वीच शाखेत करून ठेवा. आपली शाखा परकीय चलनाचे काम स्वतः करत नसेल तर कागद मोठ्या शाखेकडे जातात आणि त्यात दिवस मोडतात.

लेखापाल_मिरज

वरील दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत. त्यात चार गोष्टींची भर घालतो.

आपण नव्वद दिवसांच्या व्हिसावर असताना निवासी म्हणून पैसे पाठवत आहात. वर्षाची मुदतवाढ मिळून तेथेच राहण्याचे ठरले की फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानुसार आपण अनिवासी होता. तेव्हा बँकेला कळवून बचत खाते एनआरओ (अनिवासी व्यक्तीचे रुपयांतले खाते) करून घ्यावे लागते. निवृत्तिवेतन त्यात जमा होत राहील. एनआरओवरील व्याजातून तीस टक्के आणि उपकर असा उद्गम कर कापला जातो, ज्येष्ठ नागरिकांना मिळणारी सवलत तेथे चालत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतही अनिवासी व्यक्तीला नवे खाते उघडता येत नाही, हे उरलेली रक्कम गुंतवताना लक्षात ठेवा.

ज्या वर्षी आपण करदृष्ट्या सर्वसाधारण निवासी असाल त्या वर्षीच्या विवरणपत्रात थाई खात्याचा तपशील परदेशी मालमत्तेच्या अनुसूचीत देणे बंधनकारक आहे. न दिल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४ पासून वीस लाखांपर्यंतच्या बँक ठेवींना या दंडातून सूट मिळाली असली, तरी आपले बावीस लाख नेमके त्या रेषेच्या वर जातात.

थायलंडमध्ये एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस किंवा अधिक राहिल्यास आपण तेथील करदाते होता, आणि १ जानेवारी २०२४ पासून मिळवलेले परदेशी उत्पन्न तेथे आणल्यास ते करपात्र धरले जाते. त्याआधीची बचत त्यातून वगळलेली आहे. आपल्या ठेवी त्याआधीच्या आहेत, पण ते सिद्ध करण्यासाठी ३१ डिसेंबर २०२३ चे शिल्लक प्रमाणपत्र बँकेतून आणि पतसंस्थेतून आजच घेऊन ठेवा. पाच वर्षांनी ते मिळेलच असे नाही.

जमिनीबाबत आपण विचारले नाही, पण अशा वेळी घरातून कोणीतरी ‘वाटणी करून एक एकर काढून टाका’ असे सुचवतेच. ते करू नका. अनिवासी झाल्यावर वडिलोपार्जित शेतजमीन आपल्या नावावर राहू शकते आणि वारसाने येऊही शकते, परंतु नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. एकदा गेलेले रान परत घेण्याचा रस्ता त्यामुळे बंद होतो.

कोरेगावकर, सातारा

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. पतसंस्थेची ठेव येत्या ऑगस्टमध्ये संपते, तेव्हा पुढच्या मार्चचे गणित जुळते असे दिसते. दोन शंका उरल्या. मुलाकडे सिंगापूरला वर्षातून काही वेळा जाणे होईल, त्याने व्हिसाला बाधा येते का? आणि दर नोव्हेंबरला कोषागाराला द्यावा लागणारा हयातीचा दाखला तेथून कसा द्यावा?

चियांगमाईत_वाईकर

हयातीच्या दाखल्यासाठी भारतीय दूतावासाकडून साक्षांकन घेता येते. नोव्हेंबरमध्ये गर्दी असते, म्हणून आधी वेळ घेऊन जावे आणि मूळ प्रत नोंदणीकृत टपालाने कोषागाराकडे पाठवावी. जमत असेल तर दिवाळीला साताऱ्यात येण्याचा बेत आखून नोव्हेंबरच्या सुरुवातीला स्वतः हजर होणे सर्वांत सोपे.

सिंगापूरबद्दल मात्र सावध राहा. वर्षाची मुदतवाढ मिळाल्यावर पुनर्प्रवेश परवाना न घेता देशाबाहेर पाऊल टाकले की ती मुदतवाढ त्याच क्षणी रद्द होते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. एका फेरीचा परवाना १,००० बाटना आणि अनेक फेऱ्यांचा ३,८०० बाटना मिळतो. आपण दुसराच घ्यावा आणि पत्नीसाठीही वेगळा घ्यावा. सलग नव्वद दिवस देशात राहिलात तर पत्त्याची सूचना द्यायची असते. मध्ये बाहेर जाऊन आलात की दिवस नव्याने मोजले जातात.

मुदतवाढीचे शुल्क प्रत्येकी १,९०० बाट आहे. अर्जाच्या दिवशी सकाळी आधी बँकेत जा, खात्यात शंभर बाट भरून पासबुकावर त्या तारखेची नोंद करून घ्या आणि त्याच तारखेचे बँकेचे पत्र घेऊन मगच इमिग्रेशन कार्यालयात जा. आदल्या दिवशीचे पत्र अनेकदा परत पाठवतात.