अनुभव धागा: तुमच्या मुलाला कसं उमगतं?

मूल कशात रमतं, कुठल्या वाटेने त्याला पटकन कळतं, हे तुमच्या लक्षात कसं आलं? मग तुम्ही काय केलंत? सविस्तर लिहा, मुलांची नावं मात्र नकोत.

आई, सांगली
लेक पाचवीत आहे. वहीतल्या बेरजा म्हटलं की रडकुंडीला येते, पण आजीबरोबर रांगोळी काढताना तिचा ठिपका चुकत नाही. दिवाळीत आजीने १५ ते ८ ठिपक्यांची घातली होती. मधली ओळ १५ची, वर आणि खाली एकेक कमी होत ८पर्यंत. मी सहज विचारलं, एकूण ठिपके किती गं? तिने वरच्या ओळींच्या बोटाने जोड्या लावल्या. ८ आणि १४ बावीस, ९ आणि १३ बावीस, १० आणि १२ बावीस, उरले ११. झाले ७७. खालीही तेवढेच, मधले १५. "एकशे एकोणसत्तर!" हे तिला कुणीही शिकवलेलं नव्हतं! आता नवा धडा आधी ठिपक्यांच्या कागदावर होतो, मग वहीत.

जि.प. शिक्षक, पालघर
आमच्याच जिल्ह्यात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी कुरणशाळा चालवली. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच कुरणात गेली. ते मनात ठेवून शिकवतो. वर्गातला एक मुलगा चार ओळी लिहायला टाळतो. पण शेवळं ही पावसाळी रानभाजी कधी उगवते, ती खाजू नये म्हणून भाजीत काकडं ही आंबट रानफळं का घालायची, हे घडाघडा सांगतो. तो सांगतो, मी फळ्यावर लिहितो, सगळे वाचतात. स्वतःचीच वाक्यं असल्याने तो सगळ्यांत आधी वाचतो.

बाबा, पुणे
एक कळकळीची विनंती. बोटांचे ठसे घेऊन कल सांगणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नका, त्यांना शास्त्रीय आधार नाही. 'व्हिज्युअल' (पाहून शिकणारा), 'ऑडिटरी' (ऐकून शिकणारा) असे शिक्केही नकोत. मुलाच्या शैलीनुसार शिकवलं की ते जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा नसल्याचं मानसशास्त्रज्ञांनी 2008 सालच्या आढाव्यात मांडलं होतं. आवड ओळखा, पण पाहणं, ऐकणं, हाताने करणं सगळंच मिळू द्या.

आई, ठाणे
मुलाला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन अवघड जाण्याची अडचण आहे. विज्ञानाचा धडा मी वाचून दाखवते, मग तो मला आकृती काढून समजावतो. वाचनाचा सराव वेगळा, रोज थोडा. बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ मिळतो, पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. तपासणी दहावीपर्यंत लांबवू नका.