आधी कायदा, मग मत

"लोकांची मानसिकता बदलल्याशिवाय कायदे करून काही उपयोग नाही" असं सिगरेटबंदीबद्दल म्हणतात ते मला अजिबात पटत नाही, बरेचदा उलटंच होतं. आयर्लंडमध्ये मार्च २००४ मध्ये पबसकट कामाच्या जवळपास सगळ्या बंदिस्त जागी सिगरेट बंद झाली, त्याआधी तिथल्या स्मोकर्सपैकी जेमतेम १३ टक्के लोकांना पबमधली पूर्ण बंदी मान्य होती आणि नंतरच्या सर्व्हेत तोच आकडा ४६ वर गेला, म्हणजे ओढणारेच बाजूने झाले!

आणि पस्तावा तर असतोच हो, २००२ साली कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात स्मोकर्सना विचारलं तर चारही ठिकाणी दहातले साधारण नऊ जण म्हणाले की परत पहिल्यापासून संधी मिळाली तर सुरूच केली नसती. सोडायची इच्छा असते, घोडं अडतं ते तलफेपाशी, समोरच्याने पेटवली की हात आपसूक खिशाकडे जातो, आत कुणीच पेटवत नसेल तर निदान ती वेळ तरी टळते.