केटी लागलेल्यांनी एमटेक-एमएससाठी नेमकं काय करावं?

इंजिनिअरिंगला केटी (नापास होऊन राहिलेला विषय) लागलेल्या आणि पॉइंटर (सीजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी श्रेणी) सहाच्या घरात अडकलेल्या मुलांना धीर देणारे पुष्कळ भेटतात. इथे जाणकारांनी आकडे आणि कागदपत्रांचं लिहावं.

गेटचे वर्ग घेणारे

आधी पात्रता बघा. एनआयटींच्या सीसीएमटीत (एमटेक प्रवेशाच्या केंद्रीय फेरीत) खुल्या गटाला ६.५ सीजीपीए किंवा ६० टक्के लागतात. एससी, एसटी आणि दिव्यांगांना ६.० किंवा ५५. गेटला (एमटेकच्या प्रवेश परीक्षेला) कितीही स्कोअर आला तरी ही अट सुटत नाही. तिथे अडलात तर महाराष्ट्राची कॅप (राज्याची केंद्रीभूत प्रवेश) फेरी आहे: खुल्या गटाला ५० टक्के, राज्यातल्या मागासवर्गीयांना ४५. पात्रतेत बसलात की सीसीएमटीची यादी गेटच्या स्कोअरवरच लागते आणि केटी मागे पडतात. स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे घाई नको. १५ गुण अ‍ॅप्टिट्यूडचे आणि बहुतेक इंजिनिअरिंग पेपरांत १३ गणिताचे. कॉलेजचे विषय कच्चे असले तरी हे २८ गुण हातात येऊ शकतात, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

जर्मनीचे अर्ज तपासणारी

तिथे तुमचा सीजीपीए बव्हेरियन सूत्राने जर्मन श्रेणीत बदलतात; त्या श्रेणीत १ सर्वोत्तम, आकडा जितका मोठा तितकी श्रेणी खालची. सर्वोच्च श्रेणीतून तुमची श्रेणी वजा करा, आलेल्या वजाबाकीला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण श्रेणीतल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. सीजीपीए ६.२ असेल आणि उत्तीर्ण श्रेणी ४ असेल तर उत्तर २.९. उत्तीर्ण श्रेणी ५ धरली तर तोच विद्यार्थी ३.२८ वर जातो! म्हणून किमान उत्तीर्ण श्रेणी किती, हे विद्यापीठाच्या लेटरहेडवर लिहून घ्याच. अनेक कोर्सेस २.५ मागतात, म्हणजे ४ धरून ७.०. त्याखाली असाल तर असा कटऑफ नसलेले कोर्सेस शोधा. एपीएस प्रमाणपत्राला (तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या दाखल्याला) वेळ लागतो, ते आधी काढा.

टक्केवारीबद्दल थोडं

सीजीपीएची टक्केवारी काढताना साडेनऊने गुणू नका, ते सूत्र सीबीएसईचं. तुमच्या विद्यापीठाचंच वापरा. अर्जात एक आकडा आणि कागदावर दुसरा दिसला तर पडताळणीत अडकाल.

अमेरिकेचे एसओपी वाचून देणारी

बऱ्याच ग्रॅज्युएट स्कूल्सना ४ पैकी ३.० हवा असतो, पण काही विभाग शेवटच्या दोन वर्षांचे गुण वेगळे बघतात. मार्क चढते असतील तर ते स्वतःहून दाखवा. एसओपीत (अर्जासोबतच्या उद्देशपत्रात) केटीला दोन वाक्यं पुरतात: "तिसऱ्या सेमिस्टरला सिग्नल्स आणि मॅथ्समध्ये नापास झालो, दोन्ही विषय पुढच्या प्रयत्नात सुटले. शेवटच्या चार सेमिस्टरची सरासरी ८.१ आहे." आजारपण, घरची अडचण खरी असेल तर एका ओळीत लिहा; अर्धं पान त्यात गेलं की प्रोजेक्टला जागा उरत नाही. जो विषय बुडाला त्याचाच बारा आठवड्यांचा एनपीटेल (आयआयटींचा ऑनलाइन) कोर्स करा आणि त्याची परीक्षा सेंटरवर जाऊन द्या. अंतिम गुणांत तिचा वाटा ७५ टक्के असतो. शिफारसपत्र एचओडींकडून घेण्यापेक्षा प्रोजेक्ट गाइडकडून घ्या. तुम्ही सर्किट कुठे चुकवलंत आणि कसं दुरुस्त केलंत हे तेच लिहू शकतात.